बुकिंग करण्याआधी चालवून बघितलेल्या गाड्या, डिचोली-कुंडई रस्त्याच्या हिशोबाने

शोरूमवाले देतात ती टेस्ट राइड म्हणजे बहुतेक वेळा गेटपासून पुढच्या यू-टर्नपर्यंत आणि परत. त्यात शोरूम हायवेला लागून, म्हणजे रस्ता सरळ आणि गुळगुळीत, तिसरा गिअर पडेपर्यंत यू-टर्न येतो, परत आलो की हेल्मेट काढायच्या आधी "कशी वाटली सर?" छानच वाटणार की, नवीन गाडी कोणाला वाईट वाटते. पण तेवढ्यावर दोन-अडीच लाख टाकायचे म्हणजे जरा जास्तच झालं, म्हणून 2025 च्या पावसाळ्यात वेळ काढून मनात होत्या तेवढ्या गाड्या नीट चालवल्या, काही शोरूमच्या आणि काही भाड्याच्या, त्याबद्दल लिहितोय.

आधी माझी गरज सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच हिशोबाने आहे. गोव्यात डिचोलीहून कुंडईला रोजची ड्युटी, आमोण्याच्या पुलावरून माशेल करून. अधूनमधून बायकोला डबलसीट घेऊन बांद्याला तिच्या माहेरी, आणि मूड आला की चोर्ला घाटातून बेळगाव. उंची साडेपाच फूट, त्यामुळे सीट किती उंच हा प्रश्न माझ्यासाठी फॅशनचा नाही. आमोण्याकडचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, खनिजाचे ट्रक चालू असले की वळणावर बारीक खडी आणि लाल धूळ सांडलेली असते, पावसात त्याचाच चिखल होतो, आणि मध्ये मध्ये ते रंबलर, म्हणजे रस्त्यावरच्या उंचवट्याच्या पट्ट्या, ज्याच्यावरून जाताना दात वाजतात. शंभरच्या स्पीडला गाडी किती स्थिर राहते हे बघून मी काय करू, शंभरने जायला रस्ता कुठाय? पणजीचा अटल सेतू म्हणाल तर त्यावर टू-व्हीलरला बंदीच आहे.

टायमिंग मात्र मस्त जमलं. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार अशी घोषणा झाली, 3 सप्टेंबरला कौन्सिलने दर ठरवले आणि 22 सप्टेंबर म्हणजे घटस्थापनेपासून ते लागू झाले. मधल्या काळात नेमकी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. एरवी चवथीला गाडी घरी आणायची म्हणून शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण गाड्या स्वस्त होणार हे कळल्यावर आत्ता कोण घेणार, सगळे थांबलेले. सेल्सवाली पोरं मोबाईल बघत बसलेली, त्यामुळे "जरा लांब नेऊ का, चढावर घालून बघायची आहे" म्हटलं तर कोणी नाही म्हणालं नाही. अशी मोकळीक ऐन दसऱ्याला मिळत नाही, तेव्हा टेस्ट राइड घ्यायच्या असतील तर सण सोडून आडदिवशी सकाळी जा.

जीएसटीचा आकडा पण लक्षात ठेवा कारण त्यावर अर्धा निर्णय होतो. 350 सीसीपर्यंत 28 टक्क्यांचे 18 झाले आणि 350 च्या वर आधी 28 अधिक 3 सेस असे 31 होते ते सरळ 40. म्हणजे 349 सीसीची गाडी आणि 398 सीसीची गाडी यांच्यामध्ये सरकारनेच भिंत बांधून ठेवली आहे. वरच्या गाडीची किंमत कंपनीने काही दिवस स्वतःच्या खिशातून सांभाळली तरी टॅक्स तो टॅक्स.

आता गाड्या. पहिली रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, कारण गोव्यात साडेतीनशेची गाडी म्हटलं की घरातले, शेजारचे, ऑफिसातले सगळे हेच नाव घेतात. 349 सीसी, 20.2 बीएचपी ताकद, 27 एनएम टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, आणि वजन 195 किलो. हे वजन चालताना अजिबात जाणवत नाही, खरंच नाही, रंबलरवरून ही गाडी जशी तरंगत जाते तशी यातली दुसरी कुठलीच गेली नाही. पण माझं घर रस्त्यापासून खाली उतारावर आहे, चिऱ्यांची फरसबंदी, पावसात तिच्यावर शेवाळ. रोज सकाळी गाडी मागे ढकलत वर काढून वळवायची आहे, 195 किलो, ऑफिसच्या बुटांनी. शोरूमच्या पार्किंगला थोडा उतार होता तिथे इंजिन बंद करून मागे ढकलून बघितली, तो सेल्सवाला माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता, "सर स्टार्ट करा ना." अरे स्टार्ट करून काय करू, हिला रिव्हर्स गिअर आहे का?

हंटर 350 मध्ये इंजिन तेच, वजन 181 किलो, सीट 790 मिमी, चाकं 17 इंची म्हणून वळायला चपळ. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी घालायला यापेक्षा चांगली गाडी नाही असं माझं मत. यात एक गोष्ट समजून घ्या. 2022 ला आली ती हंटर आणि 2025 च्या एप्रिलपासून मिळते ती हंटर वेगळ्या आहेत. नव्या गाडीत मागचे शॉकअप बदलले, स्लिप असिस्ट क्लच आला, एलईडी हेडलाइट आला, ग्राउंड क्लिअरन्स 10 मिमीने वाढला. मित्राची जुनी चालवून "मागून कडक आहे" म्हणून नाकारत असाल तर थांबा, नवीन चालवा, मागचा दणका बराच कमी झालाय आणि क्लच तर दोन बोटांनी ओढता येतो. बायको मागे बसली तेव्हा मात्र तिचं म्हणणं पडलं की सीट संपल्यासारखी वाटते. नवीन सीट जाड केलीय हे मी सांगून बघितलं, पण बसणारी ती, आपण काय बोलणार.

ट्रायम्फ स्पीड 400. हिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मन हिच्यातच गेलं होतं. 398 सीसी, 40 पीएस (हे पण ताकदीचंच माप, बीएचपीच्या जवळपास), सहा गिअर, आणि वजन 176 किलो म्हणजे क्लासिकपेक्षा चांगली 19 किलो हलकी आणि ताकद जवळजवळ दुप्पट. पुण्याजवळ चाकणला बजाज बनवते. फर्मागुढीच्या चढावर तिसऱ्यात पीळ दिला की पोटात गोळा येतो, खोटं नाही सांगत. आता याच्यामागचं गणित. हिचा बोअर 89 मिमी आणि स्ट्रोक 64, म्हणजे सिलिंडर रुंद आणि पिस्टनची धाव आखूड, असं इंजिन वर फिरायला धावतं, 37.5 एनएमचा पूर्ण टॉर्क मिळतो 6500 आरपीएमला. क्लासिकचं उलटं, 72 बोअर आणि 85.8 स्ट्रोक, टॉर्क 4000 ला. कागदावर 37.5 मोठा आणि 27 छोटा, पण माशेलच्या बाजारात मासळीवाल्या बाईच्या टोपलीमागून सरकताना इंजिन 6500 ला नसतं, दोन-अडीच हजारावर असतं, तिथे ही गाडी दाव्याला बांधलेल्या खोंडासारखी हिसके देते. गिअर खाली टाका, क्लच अर्धा धरा, परत टाका. मजा रविवारची, सोमवार ते शनिवार मनगटाला काम. पंचवीस वर्षांचा असतो, एकटा असतो तर दुसरं काही बघितलंच नसतं. सर्व्हिस इंटर्व्हल 16,000 किमी आहे हा तिचा मोठा प्लस पॉइंट, रोजचं रनिंग जास्त असलेल्यांनी नोंद घ्यावी.

होंडा हायनेस सीबी350 चालवली तेव्हा हा स्ट्रोकचा विषय पूर्ण डोक्यात उतरला. 70 बोअर, साडेनव्वद स्ट्रोक, क्लासिकपेक्षाही लांब धाव. टॉर्क 30 एनएम आणि तो 3000 आरपीएमलाच. रिबंदरच्या कॉजवेवर सकाळी ट्रॅफिकच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसने चाललो होतो आणि गाडी काही तक्रार करत नव्हती, थ्रॉटल दिला की कुरकुर न करता उचलते. असिस्ट स्लिपर क्लच आहे, हलका. टायर घसरला तर पॉवर कापणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, त्याला होंडा एचएसटीसी म्हणते, लाल चिखलासाठी मला तो पाहिजेच होता. वजन 181, सीट 800, टाकी 15 लिटर. हॉर्न आणि इंडिकेटरची बटणं आपल्या सवयीच्या उलट जागी आहेत, त्यामुळे सुरुवातीला वळताना इंडिकेटरऐवजी हॉर्न वाजतो आणि समोरचा उगाच मागे वळून बघतो. आणि गिअरचा लिव्हर टाच-चवड्याचा. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण रोज ड्युटीवर बूट घालून जाणाऱ्याला विचारा, नुसत्या चवड्याच्या गिअरने डाव्या बुटाच्या नाकावर काळा डाग पडतोच. आणि पावसात आम्ही अर्धे गोंयकार चपला घालून चालवतो, ते बरोबर नाही पण चालवतो, तेव्हा तर टाचच कामाला येते.

टीव्हीएस रोनिन यादीत नव्हती, बाजूला उभी होती म्हणून बसलो, आणि बसल्यावर पटकन उतरावंसं वाटलं नाही. 225.9 सीसी, 20 पीएसच्या वर, वजन 160 किलोच्या आसपास. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल न देता नुसता क्लच सोडला तरी गाडी सरकत राहते, बंद पडत नाही. वरच्या व्हेरिएंटला एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे, दोन मोड आहेत, अर्बन आणि रेन, गोव्यात चार महिने रेन मोडमध्येच राहणार हे उघड आहे. माझ्या उताराच्या परीक्षेत ही सगळ्यांना मागे टाकून पहिली आली, एका हाताने मागे ओढली म्हणा ना. घाटात डबलसीट असताना साडेतीनशेचा निवांतपणा नाही मिळत, बस एवढंच. रस्ता माझ्यासारखा असेल पण चोर्ला-बेळगाव नसेल तर डोळे झाकून हीच घ्या, पैसेही वाचतील.

हिमालयन 450 आणि हीरो एक्सपल्स 210 वर फक्त बसलो. 825 आणि 830 मिमी सीट, माझे चवडे टेकतात, टाचा नाही. फेरीबोटीच्या रॅम्पवर ओलं शेवाळ असतं, पुढे स्कूटर, मागे पिकअप, तिथे चवड्यांवर गाडी सांभाळायची म्हणजे नदीत जायची तयारी. उंच माणसांनी बघा, खड्ड्यांसाठी दोन्ही राजा आहेत.

शोरूममध्ये काय काय तपासायचं याबद्दल थोडं, कारण हे कोणी सांगत नाही. डेमो गाडीला काय काय जास्तीचं लावलंय ते आधी विचारा. एका ठिकाणी (नाव घेत नाही) सीट भयंकर आवडली, मागून कळलं ती अ‍ॅक्सेसरीतली टूरिंग सीट आहे, वेगळे पैसे. तसंच हवा. डेमो गाडी दहा जण चालवतात, हवा कोणी बघत नाही, दुसऱ्या एका ठिकाणी गाडी वळणावर जड वाटली म्हणून टायर दाबला तर चक्क मऊ, कॉम्प्रेसर तिथेच होता, हवा भरून परत चालवली तर वेगळीच गाडी. जास्त किलोमीटर झालेली डेमो गाडी मिळाली तर नाक मुरडू नका, उलट चांगलं, तुमची गाडी वर्षभराने कशी वाजेल ते आत्ताच ऐकायला मिळतं. लायसन्सची कॉपी सोबत ठेवा, फॉर्मवर सही करायच्या आधी गाडीला ओरखडा आला तर कोणाच्या खिशातून जाणार ते वाचा. सेल्सवाला मागे बसतो म्हणाला तर बसू दे, पासष्ट-सत्तर किलो वजन मागे टाकून गाडी कशी थांबते हे फुकटात कळतं. आणि हेल्मेट स्वतःचं न्या बाबा, तिथलं कितीजणांच्या घामाचं असतं देव जाणे.

साडी गार्डबद्दल बायकोने विचारलं आणि समोरचा पोरगा गडबडला, डेमो गाडीवर दिसायला चांगलं म्हणून काढून ठेवलेलं होतं. मागच्या चाकाला ते संरक्षण आणि मागच्याला धरायला आधार हे दोन्ही मोटार वाहन नियमांत आहे, एक्स्ट्रा म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. जत्रेला साडीत एका बाजूने बसणाऱ्यांचा नवीन डिझाइनवाल्यांना विसर पडलाय, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही.

आता खरी टेस्ट राइड. भाड्याची. टुरिस्ट लोकांसाठी कळंगुट-बागा-हणजुणे पट्ट्यात हंटर, क्लासिक, हिमालयन ढिगाने उभ्या असतात, आणि पावसात गिऱ्हाईक नसतं म्हणून भाडं सीझनपेक्षा बरंच खाली येतं. दिवसभर गाडी तुमची, मागे कोणी सेल्सवाला नाही, "सर आता वळवा" नाही. काळ्या प्लेटवर पिवळा नंबर असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, पोलिसांनी अडवलं तर सगळा दिवस वाया. मी मागायला गेलो तेव्हा भाडेवाला हसायलाच लागला, "तूं गोंयचोच मरे, तुका भाड्यान कित्याक जाय?" (तू गोव्याचाच ना, तुला भाड्याने कशाला पाहिजे?) म्हटलं घ्यायची आहे, आधी बघतो. तर म्हणाला दोन टुरिस्ट असंच करून गेलेत, मुंबईचे, इथे चालवली आणि घरी जाऊन बुक केली. म्हणजे बाहेरचे लोक हे करतात आणि आपल्या दारात असून आपल्याला सुचत नाही.

क्लासिक घेतली आणि साखळीहून केरी, तिथून चोर्ला घाट, सुर्लापर्यंत वर आणि बॉर्डरच्या आधी परत, कारण भाड्याची गाडी गोव्याबाहेर न्यायची नाही असं बजावलं होतं. वर धुकं, मध्येच पावसाची सर, बायको मागे. अर्ध्या तासाच्या टेस्ट राइडमध्ये कधीच न कळणाऱ्या गोष्टी इथे कळल्या. चढावरच्या हेअरपिनवर दुसऱ्यात नेली तर गाडी आरामात चढते, तिसऱ्यात धाप लागते. ओल्यात मागचा ब्रेक जरा जोरात दाबला की एबीएस पायाखाली थरथरतो, त्याची सवय आधी रिकाम्या रस्त्यावर करून घ्यावी. वायझरवर पाणी असताना मीटर वाचता येतं का, रेनकोट घालून टाकीवर गुडघे टेकतात का, अंधार पडल्यावर केरीच्या जंगलात लाइट पुरतो का, हे सगळं आपापलं बघा. भाड्याची गाडी रगडलेली असते, क्लच सैल, चेन ढिली, तेव्हा गिअर आणि आवाज यावर तिला मार्क देऊ नका. बसायची ढब, वजन, वारा, पाठ, हे मात्र खरं कळतं. हंटर भाड्याने घेणार असाल तर वर सांगितलेलं लक्षात ठेवा, ती जुनी असायची शक्यता जास्त.

घाट उतरल्यावर साखळीला चहा-भजी घेताना बायकोचा निकाल आला. क्लासिकची मागची सीट एक नंबर, पाठ दुखली नाही, पण "ही रोज घरातून बाहेर काढणार कोण, मला नाही जमणार." तिला जमणार का हा प्रश्न मी धरलाच नव्हता, ती पण लायसन्सवाली आहे, आणि माझी नाइट शिफ्ट असते तेव्हा दारात उभी गाडी तिने थोडी सरकवायची म्हटली तरी ती उचलण्यासारखी पाहिजे. क्लासिक आणि सीबी350 मधला 14 किलोचा फरक कागदावर किरकोळ, शेवाळलेल्या चिऱ्यांवर नाही.

मग सीबी350 परत एकदा मागितली, यावेळी दोघं. सेल्सवाल्याला सांगितलं, तू बस चहा पी, आम्ही येतो, आणि त्याने खरंच दिली. स्पीडब्रेकर, चढावर थांबून परत उचलणं, अरुंद गल्लीत यू-टर्न, एवढंच केलं, साठच्या वर नेलीच नाही. चढावर डबलसीट उचलताना रेस द्यावी लागली नाही. मागची सीट क्लासिकपेक्षा थोडी कडक आहे हे ती म्हणाली, चालेल पण म्हणाली. सर्व्हिसचा विचार केला तर ही गाडी होंडाच्या बिगविंग शोरूममध्ये मिळते, साध्या स्कूटरवाल्या होंडा शोरूममध्ये नाही, त्यामुळे एनफिल्डसारखं गावोगाव मेकॅनिक असणं हिच्याबाबतीत विसरा. कुठलाही आडगावचा पोरगा बुलेट उघडून देतो, हिला घेऊन सेंटरलाच जावं लागेल. काणकोण-सांगेकडे राहणाऱ्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा जास्त मनावर घ्यावा. मला रोज फोंड्याच्या बाजूला जायचं असतं, जमण्यासारखं आहे.

बुक केली. नवीन दर लागू झाल्यावर बिल करायचं असं लेखी घेऊन टोकन दिलं, डिलिव्हरी दसऱ्याला. कोटेशन घेताना इन्शुरन्सचा आकडा वेगळा लिहून मागा, नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचं थर्ड पार्टी घ्यावंच लागतं, पण पॉलिसी शोरूमकडूनच घेतली पाहिजे असं कुठे नाही. बाहेरचं कोटेशन मोबाईलवर दाखवलं की त्यांचाही आकडा हळूच खाली येतो. आणि शेवटच्या ओळीत "हँडलिंग चार्जेस" दिसले तर कसले म्हणून विचारा, आम्हाला काही उत्तर मिळालं नाही, बायकोने पेन मागितलं आणि ती ओळच खोडली.